सगळ्यांना सारखंच लांब

…आणि वर हे मला म्हणतात काय, "खिडकीपासून लांब बस." आता तुम्हीच सांगा, ज्या खोलीत पलंगावरून उतरलं की पाय थेट बाथरूममध्ये पडतो, त्या खोलीत खिडकीपासून लांब म्हणजे बसायचं कुठे? कपाटात? बरं, कपाटातही बसले असते मी, पण कपाटाचं दार उघडायचं तर पलंग सरकवावा लागतो, आणि पलंग जमिनीला स्क्रूने पक्का बसवलेला… का, तर म्हणे गिऱ्हाइकं हलवतात. जन्मात पहिल्यांदा लॉजमध्ये उतरले होते हो मी, चांगली हौसेने उतरले होते, आणि तिथे अख्खी दुपार बाथरूममध्ये बादली पालथी घालून तिच्यावर बसून काढली, दिवा न लावता. आणि नवरा पडद्याच्या फटीतून खाली रस्त्यावर बघतोय, एखाद्या फरारी माणसासारखा. गुन्हा काय आमचा? तर आम्ही नातेवाइकांकडे उतरलो नव्हतो.

मागणं काय होतं माझं? एक खोली, आणि दुसऱ्याच्या हातचा चहा. बस.

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं ही बाई उगीच कुरकुरते. आमचे हे जमीन मोजणीच्या कामाला होते. मोजणीदार. सगळा जन्म लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात गेला, आणि भावाभावांच्या मधोमध उभं राहून, इंचभरही इकडेतिकडे न होऊ देता रेघ मारायची, ह्याचा ह्यांना भारी अभिमान. घरातही तेच. मुलं लहान होती तेव्हा कलिंगड आणलं की हे पट्टी घेऊन बसायचे. मुलं रडायची, कलिंगड गरम व्हायचं, पण फोडी सारख्या. तर हे निवृत्त झाले, आणि निवृत्त झाल्यावर कधी नव्हे ते मला विचारलं, "तुला काय हवंय बोल." मी म्हटलं, "मला शहर बघायचंय. दोन दिवस. ते बागेतलं मोठं काचघर आहे ना, परदेशी झाडांचं, ते बघायचंय."

हे म्हणाले, "अगं, शहर तू किती वेळा बघितलंयस."

बघितलंय? अहो, शहरातले मला तीन ओटे माहीत आहेत. तीन. एक दादांकडचा, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाचा. तो उंच, कारण माझी जाऊ उंच, मला खाली पाट घ्यावा लागतो. दुसरा वन्संकडचा, म्हणजे ह्यांच्या बहिणीचा. तो बुटका, दोन दिवस वाकून उभं राहिलं की तिसऱ्या दिवशी मी प्रश्नचिन्हासारखी चालते. आणि तिसरा धाकट्या भावजींकडचा, त्याच्यासमोर खिडकी आहे, पण खिडकीसमोर भिंत आहे. एवढं माझं शहर. तुम्ही म्हणाल, पाहुणी म्हणून जातेस तर ओट्याशी कशाला जातेस? मी जात नाही हो, नेतात. गोड बोलून नेतात, ते तर जास्त वाईट. दारात चपला काढते न काढते तोच जाऊबाई, "आलीस? बरं झालं बाई, तुझ्या हातची भाजी खाऊन किती दिवस झाले, तुझ्या हाताला चव आहे गं, आमच्या हाताला नाही." कुणी असं म्हटल्यावर काय करायचं? नाही म्हणायचं? स्तुती ही अशी दोरी आहे की बांधलेल्यालाच आभार मानावे लागतात.

बरं, एकाकडेच उतरावं तर तीही सोय नाही. ह्यांचा न्याय. दादांकडे दोन दिवस राहिलो तर वन्संकडे दोन, धाकट्याकडे दोन. म्हणजे कुणाला वाटायला नको. म्हणजे सहा दिवस, तीन ओटे, आणि काचघर शून्य.

म्हणून मी ह्या वेळी पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हटलं, "मी कुणाकडेही उतरणार नाही. लॉजमध्ये उतरू. एक खोली हवी, आणि सकाळी उठल्यावर दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा हवा. मला बाकी काही नको."

हे म्हणाले, "तिघांना काय सांगू?"

आणि इथे खरी गोम आहे. ह्यांची ही तिन्ही भावंडं एकाच शहरात राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. कारण विचारू नका… बरं, विचारलंत म्हणून सांगते. वन्संच्या मुलीच्या लग्नात सगळ्यांचा एकत्र फोटो काढला, तो काढला धाकट्या भावजींनी, आणि त्यात दादांचं डोकं कापलं गेलं. नुसता कोट आला. आणि वन्संनी तोच फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला, कारण त्यात त्यांचे डोळे उघडे आले होते. दादांनी तो बघितला आणि उठून गेले. वन्सं धाकट्याला म्हणाल्या, तुझ्यामुळे. धाकटे म्हणाले, मी काढला, लावायला कुणी सांगितला होता? झालं. हसू नका. घराघरात असंच असतं, कुणाचा कोट असतो, कुणाचं आणखी काही.

पण बोलणं बंद म्हणजे बातम्या बंद असं मात्र नाही हं. दर रविवारी तिघांचे ह्यांना फोन. दादा म्हणणार, "ताईला सांग, तिच्या घराजवळचा पूल दुरुस्तीला काढलाय, जपून जा." वन्सं म्हणणार, "धाकट्याला सांग, त्याचा स्वेटर विणून झालाय, घेऊन जा." म्हणजे बहीण-भाऊ दोन बस थांब्यांच्या अंतरावर राहणार आणि निरोप आमच्या गावाला वळसा घालून जाणार. आणि हे सगळं इमानेइतबारे पोचवणार, काना-मात्रा न चुकवता. टपाल इतकं चोख चाललं होतं, तुम्हाला सांगते, की कुणाला भेटायची गरजच पडेना.

तर ह्यांनी युक्ती काढली. दादांना कळवलं, आम्ही ताईकडे उतरतोय. ताईला कळवलं, आम्ही धाकट्याकडे उतरतोय. धाकट्याला कळवलं, आम्ही दादाकडे उतरतोय. मला म्हणाले, "कोण कुणाला विचारणार आहे? बोलतात कुठे?" तोंडावर असा आनंद, जसं काही अख्खा डोंगर मोजून आले. मी म्हटलं, अहो, खोटं बोलू नका, तुम्हाला सवय नाही. तर म्हणाले, "खोटं नाही गं. तिघांना सारखंच सांगितलंय."

आणि मग लॉज. दुसरा कुणी असता तर स्टेशनजवळचं बघितलं असतं, स्वस्तातलं बघितलं असतं, ओळखीतलं बघितलं असतं. ह्यांनी शहराचा नकाशा जमिनीवर पसरला. तीन घरांवर तीन ठिपके दिले. कंपास काढला. नंतर उद्या कळलं तरी कुणी म्हणायला नको की त्याच्या जवळ उतरलास आणि माझ्यापासून लांब! अर्धा दिवस रेघा मारल्या आणि तिघांपासून बरोबर सारख्या अंतरावरचा बिंदू काढला. त्या बिंदूवर एक चौक होता आणि चौकात एक लॉज होतं. मला बोट ठेवून दाखवलं, "बघ. सगळ्यांना सारखंच लांब."

मी बापडी म्हटलं, वा. मला काय माहीत? सगळ्यांना सारखंच लांब म्हणजे सगळ्यांना सारखंच जवळ, हे मला त्या वेळी सुचलं असतं तर आज तुमच्यासमोर रडगाणं गात बसले असते का?

पोचलो. लॉजचा मॅनेजर म्हणजे एक शांत, गोल माणूस. काहीही विचारा, एकच उत्तर. गरम पाणी? "होईल ना, सोय होईल." उशी अजून एक? "होईल ना, सोय होईल." पंखा एकतर फिरत नाही नाहीतर वादळ येतं, मधलं काही नाही का? "मधलं… होईल ना, सोय होईल." काही म्हणजे काही झालं नाही, पण ऐकून इतकं बरं वाटायचं की मी पुन्हा पुन्हा जाऊन काहीबाही मागत होते. आणि मग, तुम्हाला सांगते, चहा आला. खालच्या चहाच्या दुकानातला माणूस दोन पेले ठेवून गेला. मी पलंगावर पाय वर घेऊन बसले. साखर जास्त होती. पण ती जास्तीची साखर मी घातलेली नव्हती. पेले ठेवताना चहा सांडला होता, पण तो पुसायला मी उठणार नव्हते. अर्धा पेला प्यायले असेन, डोळे मिटले होते, आणि मनात म्हटलं, हे मिळालं, आता काचघर नाही दिसलं तरी…

असं म्हणू नये हो माणसाने. कुणीतरी ऐकत असतं.

"दादा!" हे ओरडले. ओरडले म्हणजे श्वास आत घेऊन ओरडले, आवाज बाहेर येऊ न देता. खिडकीतून बघतात तर समोरच्या फुटपाथवरून दादा चाललेत. दादांच्या खांद्याला दुखणं आहे, आणि त्या खांद्याचे व्यायाम करून घेणारी बाई त्याच चौकात, समोरच्या इमारतीत. ठीक आहे म्हटलं, आठवड्यातून एखादा दिवस येत असतील, जातील. ते आत गेले. तेवढ्यात डाव्या हाताने वन्सं आल्या, हातात पिशवी. चौकाच्या पलीकडे भाजीबाजार. शहरातली सगळ्यात ताजी भाजी तिथे, हे मलाही माहीत असायला हवं होतं, वन्संकडे ती भाजी मीच तर निवडलीय इतकी वर्षं. बरं, त्या बाजारात शिरल्या. हे म्हणाले, "चल, आत्ता निघू, धाकटा काही इकडे येत नाही." मी पेला खाली ठेवला, चपला घातल्या, जिन्यात आलो, आणि खालून आवाज आला, "माणूस गेल्यावर काय राहतं साहेब? पॉलिसी राहते."

धाकटे भावजी विमा विकतात. त्यांना ऑफिस नाही. आणि माणसाला बसवून, चहा पाजून, त्याच्या मरणाविषयी निवांत बोलायला त्यांनी जे दुकान धरलंय, ते आमच्या लॉजच्या बरोबर खाली. जिना उतरला की त्यांचं टेबल. म्हणजे जो चहा मी डोळे मिटून प्यायले, तो त्यांच्याच पातेल्यातला.

वर आलो. दार लावलं. पडदा ओढला. "खिडकीपासून लांब बस," हे म्हणाले. तर अशी मी बादलीवर पोचले.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. खाली गेलो तर धाकटे, पलीकडे गेलो तर वन्सं, समोर दादा. तीन बाजूंनी तीन, आणि आम्ही मोजून मधोमध. मी म्हटलं, "अहो, भेटू या ना सरळ. सांगू, लॉजवर उतरलो." तर हे म्हणाले, "ताईला काय वाटेल? तिला वाटतंय आपण धाकट्याकडे आहोत." "मग तिला सांगा नाही आहोत." "मग धाकट्याला काय वाटेल? त्याला वाटतंय दादाकडे." "त्यालाही सांगा." "आणि दादाला?" असं गोल गोल. खोटं एकदा सरळ रेषेत बोललं तर माणूस मागे तरी येऊ शकतो. ह्यांनी गोलात बोलून ठेवलं होतं, सुरुवात कुठली आणि शेवट कुठला.

आणि मग फोन सुरू झाले.

पहिला धाकट्या भावजींचा. आता गंमत बघा, भावजींचा आवाज फोनमधून येतोय आणि तोच आवाज खालून खिडकीतूनही येतोय. "काय रे भाऊ, पोचलास का दादाकडे?" असं दोनदा ऐकू येतंय. हे पडद्यामागे उभे, खाली भावजींचं टक्कल दिसतंय, आणि त्या टकलाकडे बघत हे कुजबुजतात, "हो, पोचलो, दादा झोपलाय." झोपलाय! दादा समोरच्या इमारतीत एक हात वर करून उभे. भावजी म्हणाले, "तुझ्याकडे फार गलका ऐकू येतोय रे. दादाच्या घराजवळ एवढी गर्दी?" हे म्हणाले, "वाढलीय हल्ली." आणि खाली भावजी त्या गिऱ्हाइकाला सांगतात, आम्हाला वर ऐकू येतंय, "माझा मधला भाऊ. लाखात एक. कधी खोटं बोलणार नाही."

ह्यांनी कपाळाला हात लावला. मी बादलीवरून सगळं बघतेय.

मग वन्संचा. वन्सं म्हणजे प्रश्नांची माळ. "धाकट्याकडे जेवलास का? काय केलं होतं? त्याच्या बायकोला मीठ कळत नाही, जास्त झालं होतं ना? वहिनीला ओट्याशी उभं नाही ना केलं?" हे प्रत्येकाला हो म्हणत गेले. शेवटच्यालाही. त्यावर वन्संना इतकं वाईट वाटलं, म्हणाल्या, "बघ, मी असते तर बसवून ठेवलं असतं तिला." मी हे ऐकलं आणि तुम्हाला सांगते, मला हसावं की रडावं कळेना, पण बादली घसरली आणि मी खाली बसले, तेव्हा तो प्रश्न सुटला.

मग दादांचा. दादांना ह्यांनी चुकून सांगितलं, "इथे धाकट्याकडे सगळं ठीक." दादा म्हणाले, "धाकट्याकडे? तू ताईकडे आहेस ना?" हे म्हणाले, "हो, म्हणजे ताईकडेच, धाकट्याची आठवण काढत होतो." आणि फोन ठेवून घाम पुसत माझ्याकडे बघून म्हणाले, "मला वाटतं आपण फोन बंद करावा." आणि केला. बंद. ज्या माणसाने इतक्या वर्षांत अंघोळीला जातानाही फोन बंद केला नाही, की न जाणो कुणाचा निरोप असेल, त्याने फोन बंद केला आणि उशीखाली ठेवला, आणि वर स्वतः डोकं ठेवलं.

मागणं काय होतं माझं, विचारते मी. एक खोली मिळाली खरी. इतकी मिळाली की तिच्यातून बाहेर पडता येईना.

संध्याकाळी हे जरा मऊ झाले. म्हणाले, "तुझं काचघर राहिलं गं." मी काही बोलले नाही. मला राग आला की मी बोलत नाही, आणि मला राग येत नाही असं सगळ्यांना वाटतं ते त्यामुळेच. मग म्हणाले, "उद्या सकाळी लवकर निघू. दादा व्यायामाला नसेल, बाजार उघडला नसेल, धाकटा उठला नसेल." मला पटलं. झोपलो. पंखा वादळावर ठेवून झोपलो, कारण दुसरं होतं ते म्हणजे उकडणं.

सकाळ झाली. हे दाढी करत होते. मी चपला घातल्या, पिशवी-छत्री घेतली, म्हटलं, "मी खाली जाऊन चहाचं सांगते, तुम्ही या." दबकत नाही गेले, चांगली ताठ गेले. जिना उतरले, वळले, आणि मॅनेजरच्या टेबलासमोर तिघं उभी. दादा, वन्सं, धाकटे भावजी. एकत्र. शेजारी शेजारी. वन्संचे डोळे सुजलेले, दादांनी वेगवेगळ्या पायांत वेगवेगळी चप्पल घातलेली, आणि धाकटे मॅनेजरला हातवारे करून सांगतायत, "उंच, सडपातळ, प्रत्येक गोष्ट मोजतो."

आणि मॅनेजर म्हणतोय, "मिळेल ना. सोय होईल."

झालं होतं काय, की ह्यांचा फोन लागेना म्हणून दादा घाबरले. बायकोला म्हणाले, भाऊचा फोन कधी बंद नसतो. बसले, उठले, बसले, आणि शेवटी त्यांनी स्वतः वन्संना फोन केला. इतक्या वर्षांनी. नंबर पाठ होता, बघा, शोधावा नाही लागला. "ताई, भाऊ तुझ्याकडे आहे ना?" वन्सं आधी रडल्या, मग म्हणाल्या, "माझ्याकडे? तो धाकट्याकडे आहे." मग वन्संनी धाकट्याला फोन केला. धाकटे म्हणाले, "तो तर दादाकडे!" म्हणजे तीन घरांत मिळून आम्ही कुठेच नव्हतो. रात्रभर कुणाला झोप नाही. दोन म्हातारी माणसं एवढ्या शहरात गेली कुठे… हो, म्हातारी म्हणाले, मी ते लक्षात ठेवलंय. आणि मग पहाटे दादांनाच सुचलं. म्हणाले, "तो कुणाकडे उतरला नसेल तर कुठे उतरेल? आपल्या तिघांच्या बरोबर मध्ये. कलिंगड आठवा." आणि तिघं एका टॅक्सीत बसून थेट चौकात. कंपासही लागला नाही त्यांना.

मला बघितलं आणि वन्संनी मिठीच मारली. मारली आणि तिथूनच सुरू झाल्या, "वहिनी, माझं घर काय ओस पडलं होतं? मी मेले होते? लॉजमध्ये? परक्यासारखं?" दादा माझ्याशी थेट बोलत नाहीत, जुन्या वळणाचे, ते त्या टेबलावरच्या घंटीकडे बघून म्हणाले, "आमचं काही चुकलं असेल तर सांगायचं होतं." तेवढ्यात हे वरून आले, अर्ध्या गालाला साबण. तिघांना एकत्र बघून पायरीवरच थबकले. कुणाला काय सांगितलंय हेच त्यांना आठवेना. वन्सं त्यांच्यावर धावल्या, "भाऊ, का केलंस असं?"

आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

नाव घेतलं नाही माझं. तेवढं इमान आहे माणसात. नुसतं बघितलं, आणि मग जमिनीकडे बघायला लागले. सगळे त्यांच्याकडे बघतायत. मला वाटलं, आता मी गप्प बसले तर हा माणूस सगळं अंगावर घेईल, आणि मी पुन्हा सहा दिवस, तीन ओटे, जन्मभर. म्हणून म्हटलं, "त्यांना काही बोलू नका. मीच नको म्हटलं. मला तुमच्याकडे यायला आवडतं, पण आले की मी ओट्याशीच असते. मला दोन दिवस कुणाच्याही ओट्याशी उभं राहायचं नव्हतं. मला दुसऱ्याच्या हातचा चहा प्यायचा होता."

मॅनेजरसुद्धा काही बोलला नाही, आणि सोय होईल म्हणण्यासारखी तीच एक जागा होती.

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. तोंड लाल झालं त्यांचं. मग म्हणाल्या, "अगं, एवढंच ना? मग सांगायचं नाही का वेडे? चल. आत्ता चल माझ्याकडे. सोफ्यावर बस पाय पसरून. मी करते चहा." आणि माझी पिशवी उचलली. आता ह्याला नाही कसं म्हणणार? कुणी रागावलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

टॅक्सीत आम्ही पाच जण. दादा आणि वन्सं बोलायला तर लागले होते, पण शेजारी बसायला अजून लाजत होते, म्हणून मधोमध मला बसवलं. मांडीवर पिशवी, पिशवीवर छत्री. आणि एका वळणावर वन्संच्या कानामागे काहीतरी लखलखलं. काचघर. उन्हात नुसतं पेटल्यासारखं, आत हिरवं काळोखं काहीतरी, उंचच उंच पानं काचेला टेकलेली. मी म्हटलं, "वन्सं, जरा…" त्यांना वाटलं त्यांचं अंग लागतंय, त्या पुढे सरकल्या, आणि काचघर त्यांच्या अंबाड्यामागे गेलं. पण बघितलं मी. नाही म्हणणार नाही. वळणाएवढं बघितलं.

वन्संकडे गेल्यावर मला खरंच सोफ्यावर बसवलं. पाठीला उशी दिली. वन्सं आत गेल्या, दूध ठेवलं, तर दादा त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे. "वाळलीस गं," म्हणाले. "तू काय कमी वाळलास?" त्या म्हणाल्या. मग धाकटेही आत गेले. मग आतून रडण्याचे आवाज, मग हसण्याचे, मग "तुला आठवतं का"… आणि मग वास. दूध उतू जाऊन जळल्याचा वास. मी ओळखते तो वास, झोपेतही ओळखते. माझे पाय आपोआप जमिनीला लागले. आत तिघं जण बोलतायत, कुणाला पत्ता नाही. पण तुम्हाला सांगते, मी उठले नाही. ती उशी मी दोन्ही हातांनी धरली आणि बसून राहिले. असं अवघड काम मी जन्मात केलं नव्हतं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. उशीकडे बघितलं. आणि उठले. आत गेले, गॅस बंद केला, भावंडांना बाहेर काढलं, आणि चहा ठेवला. ह्यांनी. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. आतून फक्त मोजायचे आवाज येत होते, कपाने पाणी मोजतायत, चमच्यावरची साखर सुरीच्या पात्याने सपाट करतायत. बऱ्याच वेळाने पाच कप आले. पाचही कपांत चहा बरोबर एका रेषेत. पट्टी लावून बघा. चव? चव कशी होती विचारू नका. पावडर घालायचं विसरले होते की घालून तिला उकळायचं विसरले होते, ते अजून ठरलेलं नाही. पण मी सगळा प्यायले. शेवटच्या थेंबापर्यंत. आणि मला वाटलं, चला, मिळालं बाई, उशिरा का होईना.

तेवढ्यात दादा म्हणाले, "आता असं तुटून राहायचं नाही. दर दोन महिन्यांनी भेटायचं सगळ्यांनी. बायकामुलांसकट. चार-चार दिवस." वन्सं म्हणाल्या, "माझ्याकडे." त्यावर दादांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाले, "नको, उगाच." धाकटे म्हणाले, माझ्याकडे, तर वन्सं म्हणाल्या, तुझ्याकडे मीठ जास्त असतं. दादांकडे म्हणावं तर लिफ्ट नाही. बोलता बोलता आवाज चढायला लागले. मला वाटलं, गेलं, परत गेलं सगळं. आणि मग आमचे हे, हातात कप, चेहऱ्यावर असा तृप्त भाव, म्हणाले, "आमच्या गावी या. सगळ्यांना सारखंच लांब."

सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या. कसं सुचलं रे भाऊला, कुणाला वाटायला नको.

मी म्हटलं, "अहो…"

तर हे मला म्हणाले, अगदी प्रेमाने म्हणाले हो, खोटं नाही सांगत, "तू काळजी करू नकोस. चहा मी करीन. बाकीचं तू बघ."

तर येत्या शनिवारी येतायत. सोळा माणसं. जाऊबाईंचा फोन येऊन गेला, तुझ्या हातची भाजी म्हणून. वन्संचा येऊन गेला, तू नुसती बसून सांग आम्ही करू, म्हणून. आमचा ओटा कसा आहे त्यांनी विचारलं नाही. आणि हे सकाळपासून टेप घेऊन खोलीत सोळा गाद्यांची जागा आखतायत. म्हणून विचारायला आले होते, तुमच्या माहितीत एखादं लॉज आहे का? एकटीसाठी. खोली कशीही चालेल. फक्त कशाच्याही मधोमध नको.